लास्लो शेरेगी : चाळीस मिनिटांत काय सांगावं, काय गाळावं?

(‘रंगपट’ने प्रश्न विचारला आहे; बाकीची टोपणनावं उत्तरं देणाऱ्यांची.)

रंगपट

नृत्यरचनाकारांवरच्या आमच्या कार्यक्रममालेत या वेळी हंगेरीचे लास्लो शेरेगी (१९२९–२०१२) घेतले आहेत. चाळीस मिनिटं बोलणं, वीस मिनिटं चित्रफिती. श्रोते कथक-भरतनाट्यम मन लावून बघणारे, पण ‘स्वान लेक’च्या पुढे बॅलेशी फारशी ओळख नाही.

हाताशी असलेला सांगाडा असा : जन्म बुडापेस्टचा, आधी उपयोजित कलेचं शिक्षण, १९४९ च्या सुमारास सैन्याच्या ‘होनवेद’ कलापथकात नर्तक, १९५७ पासून ऑपेरा हाऊसच्या बॅलेत, १९६८ ला ‘स्पार्टाकस’, १९७० ला हंगेरियन संगीतकार बार्तोकच्या संगीतावरची दोन बॅले, १९७२ ला ‘सिल्व्हिया’, १९७५ ला ‘देवदार’, १९७७ ते १९८४ बॅले विभागाचे संचालक, १९८० ला हंगेरीचा राष्ट्रीय कोशुत पुरस्कार, आणि मग शेक्सपियरवरची तीन बॅले.

अडतंय ते इथे. लोकनृत्याच्या पथकातून आलेल्या माणसाच्या हाती ऑपेरा हाऊसने एकदम तीन अंकी बॅले कसं दिलं? मॉस्कोचं, रशियन रचनाकार ग्रिगोरोविच यांचं ‘स्पार्टाकस’ही १९६८ चंच, मग शेरेगींचं त्यावरून बेतलेलं आहे का? बार्तोकच्या ‘चमत्कारी मँडरिन’चं जे ध्वनिमुद्रण मिळालं ते वीस मिनिटांत संपतं आणि गोष्टीचा शेवट त्यात सापडतच नाही. संचालक असतानाच्या सात वर्षांत मोठं काम दिसत नाही, ते का? आणि इव्हान मार्को, इम्रे एक या दोन हंगेरियन रचनाकारांची नावं सारखी पुढे येतात. त्यांना जागा द्यावी की गाळावं?

तिसरी घंटा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या यादीत नसलेल्या कामांत आहे. १९५७ ते १९६८ या अकरा वर्षांत शेरेगी नुसते नाचत नव्हते, ऑपेरांमधली नृत्यं बसवत होते. युरोपातल्या मोठ्या ऑपेरा हाऊसमध्ये होतकरू रचनाकाराची परीक्षा तिथेच होते. गुनोच्या ‘फाउस्ट’मधली वालपुर्गिसची रात्र म्हणजे पाव तासाच्या आसपासचं सलग नृत्य, वाग्नरच्या ‘टॅनहॉयझर’ची सुरुवात म्हणजे मदनोत्सवाचा दंगा. यात रचनाकाराच्या हातात जवळपास काहीच नसतं. संगीत ठरलेलं, नेपथ्य दुसऱ्याचं, दिग्दर्शक दुसराच. निम्मा रंगमंच पायऱ्या आणि खांबांनी खाल्लेला, कडेला साठ-सत्तर गायकांचा वृंद हलायला तयार नाही, आणि नृत्य संपताच मुख्य गायकासाठी मधली जागा पाच सेकंदांत मोकळी करून द्यायची. नवखे लोक बहुधा या शेवटच्या गोष्टीत फसतात. नृत्य झकास बसवतात, पण बाहेर पडायची वाट आखायचीच राहते आणि चोवीस नर्तक एकाच विंगेच्या तोंडाशी अडकतात. हे ज्याला जमलं त्याला मोठं काम द्यायला ऑपेरा हाऊस कचरत नाही.

‘होनवेद’चा काळ भाषणात ओझरता उल्लेखून सोडू नका. वृंदगायन, वाद्यवृंद आणि नृत्य अशा तिन्ही अंगांचं ते पथक, आणि नृत्यात हंगेरियन लोकनृत्याचा भर. तिथे नर्तक दोन गोष्टी शिकतो : वजन जमिनीत सोडणं आणि घोळका हलवणं. बॅलेचा राजपुत्र वर वर जाऊ बघतो. वेरबुंक किंवा चार्दाश ही हंगेरियन लोकनृत्यं नाचणारा टाचेने तालाची पहिली मात्रा जमिनीत ठोकतो. हंगेरियन भाषेत आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो, त्यामुळे तिथल्या लोकगीतांना समेआधीचा उठाव सहसा नसतो, चाल थेट समेवरच सुरू होते. कथकवाल्यांना हे दोन मिनिटांत कळेल. टाळी देऊन दाखवा.

शेरेगी बॅले उशिरा शिकले, मार्सेला नादाशी यांच्याकडे. इतक्या उशिरा सुरुवात केलेल्या शरीराला राजपुत्राच्या भूमिका मिळत नाहीत. वाट्याला येतं ते चरित्रनृत्य, म्हणजे टाचेचे बूट, राष्ट्रीय नृत्यं, विनोदी म्हातारे, खलनायक. रचनाकार म्हणून हे त्यांच्या पथ्यावरच पडलं असं माझं मत आहे. त्यांच्या बॅलेत दुय्यम पात्रं कधीच भिंतीला टेकून उभी राहत नाहीत. आरेखनाच्या शिक्षणाचाही हात त्यात असणार, कारण गर्दीच्या प्रसंगातसुद्धा डोळा नेमका कुठे जायला हवा हे ठरलेलं असतं.

पदन्यास

‘स्पार्टाकस’बद्दल. तारखा शेजारी शेजारी मांडा, प्रश्न आपोआप निकाली निघतो. ग्रिगोरोविच यांचा पहिला प्रयोग मॉस्कोत ९ एप्रिल १९६८, शेरेगींचा बुडापेस्टमध्ये १८ मे १९६८. मधे जेमतेम पाच-सहा आठवडे. तीन अंकी बॅलेचं नेपथ्य उभं करायला, शे-दीडशे पोशाख शिवायला आणि नर्तकांच्या अंगात रचना मुरायला कित्येक महिने लागतात. एप्रिलमध्ये बघून मे महिन्यात उतरवणं कुणाच्याही बसची गोष्ट नाही. समान आहे ते फक्त खाचातुरियनचं संगीत, आणि ते १९५४ मध्येच पूर्ण झालं होतं. त्यावर १९५६ मध्ये लेनिनग्राडला याकोबसननी आणि १९५८ मध्ये मॉस्कोत मोइसेयेवनी आधीच बॅले केली होती.

फरक मात्र ठळक आहे. ग्रिगोरोविच गोष्ट सरळ रेषेत सांगतात. समूहदृश्यं आणि मधे मधे एकट्या पात्राची स्वगतं अशी त्यांची बांधणी. शेरेगी शेवटापासून सुरू करतात. पडदा उघडतो तेव्हा रोमविरुद्धचं स्पार्टाकसचं बंड मोडलेलं आहे, आप्पियन रस्त्याच्या कडेने गुलाम क्रुसांवर टांगलेले आहेत, आणि तिथून स्पार्टाकसला मागचं आठवत जातं. इतिहासाप्रमाणे इसवी सनपूर्व ७१ मध्ये काप्युआ ते रोम या रस्त्यावर सुमारे ६००० गुलामांना असं मारलं, पण स्पार्टाकसचं प्रेत सापडलंच नव्हतं. त्याला क्रुसावर चढवणं ही कलावंताने घेतलेली मोकळीक आहे. श्रोत्यांत कुणी इतिहासाचा माणूस असेल तर हे आधीच सांगून टाका, नाहीतर प्रश्नोत्तरांत वेळ जाईल.

या बांधणीची किंमतही आहे. शेवट आधीच माहीत, त्यामुळे बंडाचं काय होणार ही उत्सुकता उरत नाही. मग प्रत्येक आनंदाच्या प्रसंगाला, मेजवानीला, प्रेमाच्या युगुलनृत्याला मागची सावली चिकटवून ठेवावी लागते. पहिल्या प्रयोगातले स्पार्टाकस विक्टर फ्युलोप हे थोर नट-नर्तक होते, त्यांनी हे पेललं. नुसता उंच उड्या मारणारा नर्तक घेतला तर अख्खा पहिला अंक व्यायामशाळेसारखा दिसतो.

चित्रफिती लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्पार्टाकसच्या पत्नीचं नाव रशियन आवृत्त्यांत फ्रीजिया आहे, शेरेगींकडे फ्लाविया. पात्रयादीत फ्रीजिया शोधत बसू नका. आणि खाचातुरियनच्या वाद्यवृंदासाठीच्या संचांवरून (म्हणजे बॅलेतले निवडक तुकडे मैफलीसाठी जुळवलेले) कथानक सांगायला जाऊ नका. संचांतला क्रम मैफलीच्या सोयीचा आहे. ते प्रसिद्ध अडाजिओ, म्हणजे संथ लयीतला तुकडा, दुसऱ्या संचाच्या अगदी सुरुवातीला येतं, बॅलेत ते बरंच उशिरा. शिवाय मूळ संगीत इतकं लांबलचक आहे की प्रत्येक रचनाकार कात्री लावतो आणि तुकडे पुढेमागे करतो. एकाच्या चित्रफितीवर दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण चढवलंत तर दुसऱ्या मिनिटालाच घोळ होईल.

इंटरनेटवर शोधताना आडनाव आधी लिहा, शेरेगी लास्लो असं. हंगेरियन लोक तसंच लिहितात, आणि जुनी दूरदर्शन-मुद्रणं त्याच क्रमाने सापडतात.

विंगेतून

‘मँडरिन’चं कोडं सोपं आहे. तुमच्याकडे मैफलीचा संच आहे. तो मँडरिन मुलीला गाठतो तिथे, म्हणजे पाठलाग संपतो तिथेच थांबतो. संपूर्ण मूकनाट्य अर्ध्या तासाच्या थोडं वर जातं. मुद्रण घेताना ‘संपूर्ण’ असं लिहिलंय का बघा, आणि खात्रीसाठी शेवटच्या भागात शब्दांविना गाणारा वृंद ऐकू येतो का ते तपासा. वृंद नसेल तर तो संचच.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, तरी संगीताच्या अंगाने सांगतो, कारण शेरेगींचं (किंवा कुणाचंही) ‘मँडरिन’ जमलं की फसलं ते इथेच कळतं. तीन गुंड एका मुलीला खिडकीत उभं करून गिऱ्हाइकं वर बोलवायला लावतात. तिचं खुणावणं तीन वेळा येतं आणि तिन्ही वेळा ते एकट्या क्लॅरिनेटवर आहे, दर वेळी जास्त अस्वस्थ, जास्त बेभान. पहिला येतो कफल्लक म्हातारा रंगेल, दुसरा लाजरा पोरगा, दोघांनाही हाकलतात. तिसरा मँडरिन, म्हणजे बडा चिनी अधिकारी. तो दारात उभा राहतो तेव्हा ट्रॉम्बोन आणि ट्यूबा ही पितळी वाद्यं वरून खाली घसरतात, कोमल गंधारावरून षड्जावर यावं एवढंच अंतर, पण प्रचंड जोरात.

तालमी पियानोवर होतात. बार्तोकने स्वतःच दोघांनी एका पियानोवर वाजवायची आवृत्ती केली होती. आता पियानोवर ट्रॉम्बोनची ती मींड निघूच शकत नाही, आणि क्लॅरिनेटवादक आपल्या श्वासाप्रमाणे वाक्य लांबवतो तेही पियानोवर ऐकू येत नाही. सहा आठवडे पियानोवर पाठ केलेली मुलगी वाद्यवृंदाबरोबरच्या पहिल्या तालमीत हमखास चुकते : खूण अर्धा सेकंद आधीच संपवते आणि मग हात वर धरून क्लॅरिनेटची वाट बघत बसते. उपाय एकच, आकडे मोजणं सोडून त्या वाक्याच्या कणाकणाला हालचाल बांधायची आणि क्लॅरिनेटवादकाला निदान दोन तालमींना खोलीत आणून बसवायचं.

दुसरी अडचण फाशीची. गुंड मँडरिनला उशांखाली गुदमरवतात, भोसकतात, शेवटी दिव्याला टांगतात. तो मरत नाही. नर्तकाच्या पोशाखाखाली मांड्यांतून आणि छातीवरून पट्टे असतात, आकडा पाठीत खांद्यांच्या मधे. गळ्यातल्या दोरावर काडीचंही वजन येता कामा नये. अंगरख्याला आकड्यासाठी ठेवलेलं भोक लहान पडलं तर उचलताना सगळं कापड मानेशी गोळा होतं आणि प्रेक्षकांना पट्टे दिसतात. एकाच तारेवर टांगलं तर शरीर सावकाश गिरकी घेतं, आणि नेमकं अंग हिरवट-निळं चमकू लागायच्या क्षणी मँडरिन प्रेक्षकांकडे पाठ करून असतो. म्हणून दोन तारा, नाहीतर एका गुंडाला पायाशी धरून ठेवायचं निमित्त द्यायचं. त्याच वेळी वृंद सुरू होतो. गायक बहुधा विंगेत असतात आणि त्यांना वाद्यवृंद-संचालक दिसत नाही. पडद्यावर तो दाखवायची सोय बिघडली की सूर खाली उतरतो.

इतिहास चार वाक्यांत : मेन्यहेर्त लेंग्येल यांची कथा, पहिला प्रयोग कलोन येथे २७ नोव्हेंबर १९२६ ला झाला आणि लगेच बंदी आली, बंदी घालणारे महापौर कोनराड आडेनाउअर, पुढचे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर. बुडापेस्टला हे बॅले थेट डिसेंबर १९४५ मध्ये ग्युला हारांगोझो यांनी केलं, बार्तोक सप्टेंबरमध्ये वारल्यानंतर. शेरेगींनी १९७० मध्ये, बार्तोकच्या मृत्यूला २५ वर्षं झाली तेव्हा, ‘मँडरिन’ आणि ‘लाकडी राजपुत्र’ दोन्ही केली. म्हणजे देशात मानदंड मानल्या गेलेल्या हारांगोझोंच्या रचनेवर, ते स्वतः हयात असताना, शेरेगींनी नवी रचना ठेवली. याला हिंमत लागते.

एक सावधगिरी : हारांगोझो दोन आहेत. वडील १९०८–१९७४; मुलगाही ग्युला हारांगोझोच, तोही नर्तक, नंतर बुडापेस्ट आणि व्हिएन्ना दोन्हीकडे बॅलेचा संचालक. इंटरनेटवर दोघांची छायाचित्रं सर्रास एकमेकांच्या नावावर असतात.

तिसरी घंटा

संचालकपदाच्या वर्षांबद्दल. बुडापेस्टचं ऑपेरा हाऊस १९८० ते १९८४ दुरुस्तीसाठी बंद होतं. २७ सप्टेंबर १९८४ ला, इमारतीच्या शंभराव्या वाढदिवशी, उघडलं. म्हणजे शेरेगींच्या सात वर्षांपैकी चार वर्षं घरच नव्हतं. सगळा भार ऑपेराच्या दुसऱ्या नाट्यगृहावर, एर्केल थिएटरवर, आणि तिथे ऑपेराबरोबर तारखा वाटून घ्यायच्या. एर्केल ऑपेरा हाऊसपेक्षा बरंच मोठं आणि साधं प्रेक्षागृह. एकीकडे बसवलेलं बॅले दुसरीकडे नेताना रांगांमधली अंतरं बदलतात, प्रवेशाला लागणाऱ्या मात्रा बदलतात, चेहऱ्यावरचा बारीक अभिनय मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही. त्यात संचालकाची नेहमीची कामं : भूमिकावाटप, बढत्या, दुखापतींमुळे ऐन वेळी करावे लागणारे बदल, पाहुणे रचनाकार, दौरे. ‘देवदार’ (१९७५, हंगेरियन चित्रकार चोंतवारीच्या चित्रांवरून, संगीत फ्रिज्येश हिदाश) आणि ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ (१९८५) यांच्या मधे आज चटकन आठवावं असं मोठं बॅले ऑपेरात नाही. खुर्ची सोडल्याच्या पुढच्याच वर्षी ‘रोमिओ’ आलं. मला हा योगायोग वाटत नाही.

पण त्या काळात एक गोष्ट ऑपेराबाहेर घडली आणि ती गाळू नका : मार्च १९८३ मध्ये बुडापेस्टच्या मादाच थिएटरमध्ये ‘कॅट्स’ ही संगीतिका, दिग्दर्शक तमाश सिर्तेश, नृत्यं शेरेगींची. लंडन १९८१, ब्रॉडवे १९८२, आणि व्हिएन्नाच्याही आधी बुडापेस्ट. लंडनची बरहुकूम नक्कल नव्हती. नेपथ्य, पोशाख, नृत्यं सगळं स्वतःचं. नाचणारे बहुतांशी गाणारे नट. अशांसाठी रचना करताना उड्या कमी आणि वळणं, सरपटणं, खांद्याची हालचाल जास्त ठेवावी लागते, आणि दम लागणारी हालचाल गाण्याच्या ओळीच्या आधीच्या आठ मात्रांत येऊ द्यायची नसते. लोकनृत्य, ऑपेरातली नृत्यं आणि चरित्रनृत्य यांतून आलेल्या माणसाला हे सोपं गेलं असणार.

पदन्यास

शेक्सपियरवाल्या तिघांत तुमच्या श्रोत्यांसाठी ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ (१९८९) किंवा ‘टेमिंग ऑफ द श्रू’ (१९९४) घ्या. ‘रोमिओ’ला प्रोकोफिएव्हचं तयार संगीत आहे, तुलनेला डझनभर आवृत्त्या आहेत, त्यात बोलण्याचा वेळ तुलनेतच जाईल. ‘मिडसमर’साठी मेंडेल्सझोनने नाटकाला दिलेलं संगीत पाऊण तासाच्या आसपास, सबंध संध्याकाळ त्यावर निघत नाही; मेंडेल्सझोनच्याच इतर रचना जोडाव्या लागतात. ‘श्रू’साठी तर बॅलेचं संगीत अस्तित्वातच नव्हतं, ते कारोय गोल्डमार्कच्या संगीतातून हिदाशनी बांधलं.

विनोदी बॅलेत मारामारी, पडणं, ढकलणं अपघाती दिसायला हवं, पण ते मात्रेमात्रेला ठरलेलं असतं. ‘श्रू’ची नायिका कॅथरिना पडते ती गुडघ्यावर नाही, मांडीच्या बाहेरच्या बाजूवरून कमरेवर. जोडीदाराने हात सोडायचा क्षण ठरलेला. हात उशिरा सुटला तर खांदा निखळायची भीती, लवकर सुटला तर प्रेक्षकांना ती स्वतःहून बसली असं दिसतं आणि हशा मरतो.

‘सिल्व्हिया’ (१९७२) दोन वाक्यांत आटपा, पण सांगा : देलिबच्या १८७६ च्या संगीतावरची अप्सरा आणि मेंढपाळाची मूळ गोष्ट शेरेगींनी थिएटरच्या आतली, नर्तकांच्या हेव्यादाव्यांची करून टाकली. बॅलेची थट्टा बॅलेतूनच.

नेपथ्यशाळा

इम्रे एक आणि इव्हान मार्को यांना पाच मिनिटं द्या, जास्त नको. शेरेगी मोठ्या संस्थेत राहून रचनाकार आणि मग संचालक झाले. या दोघांनी बुडापेस्ट सोडून स्वतःची मंडळी उभी केली. ही तुलना केली की शेरेगींचा मार्ग नीट दिसतो.

इम्रे एक (१९३०–१९९९) ऑपेराचेच नर्तक. १९५९ मध्ये तिथे ‘चोंगोर आणि त्युंदे’ केलं आणि १९६० मध्ये पेच शहरात नवं बॅले स्थापलं, नुकत्याच शिक्षण पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना घेऊन. लहान मंडळी, म्हणून एकांकी रचना आणि समकालीन हंगेरियन संगीतकार.

इव्हान मार्को (१९४७–२०२२) १९६७ ला बुडापेस्टच्या बॅले शिक्षणसंस्थेतून बाहेर पडले, काही वर्षं ऑपेरात, १९७२ पासून ब्रसेल्सला नृत्यरचनाकार मोरिस बेजार यांच्या मंडळीत. १९७९ ला परत येऊन ग्योर शहरात, १९७८ मध्येच उघडलेल्या नव्या थिएटरात, बॅले संस्थेचा एक अख्खा वर्ग घेऊन ‘ग्योर बॅले’ सुरू केलं. ते स्वतःच रचनाकार, संचालक आणि मुख्य नर्तक. दृश्यरचना आणि पोशाख युदित गोंबार यांचे. १९८३ ला कोशुत पुरस्कार. बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात १९८५ च्या ‘टॅनहॉयझर’ची नृत्यंही त्यांचीच. १९९१ मध्ये ग्योर सोडलं, १९९६ मध्ये दुसरी मंडळी काढली.

सगळ्या वर्गालाच मंडळी बनवण्याचा फायदा असा की सगळ्यांची शैली, वय, तालीम एक. आठ महिन्यांत जे दिसतं ते इतरत्र पाच वर्षांत दिसत नाही. तोटा दहा वर्षांनी कळतो : सगळे एकदमच तिशीत येतात, एकदमच दुखापती, आणि मधली फळी तयार झालेली नसते. शिवाय सगळी भिस्त एका माणसावर, तो गेला की रचनांचं काय करायचं हा प्रश्न. ग्योरमध्ये मात्र मंडळी टिकली. पहिल्या वर्गातल्याच यानोश किश यांनी धुरा घेतली. शेरेगींच्या बाबतीत हा प्रश्नच आला नाही. कंपनी त्यांच्या आधी होती, नंतरही राहिली.

रंगपट

सगळ्यांचे आभार. क्रम असा करतोय : ‘होनवेद’ आणि टाळीचा प्रयोग, ऑपेरातली नृत्यं, ‘स्पार्टाकस’ची सुरुवात, ‘मँडरिन’ क्लॅरिनेटसह, बंद ऑपेरा हाऊस आणि ‘कॅट्स’, शेवटी ‘श्रू’. एक शंका राहिली : सभागृहात चित्रफिती दाखवायला परवानगी लागते का? प्रवेश विनामूल्य आहे.

विंगेतून

विनामूल्य असलं तरी सार्वजनिक सभागृह आहे, त्यामुळे गृहीत धरू नका. भारतीय कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते. संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. शेरेगी २०१२ ला गेले, म्हणजे रचना २०७२ अखेरपर्यंत. बार्तोकचं संगीत आपल्याकडे मोकळं आहे, खाचातुरियन (मृत्यू १९७८) २०३८ अखेरपर्यंत नाही. आणि चित्रीकरण-ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, ते ज्याने केलं त्याचे. सभागृहाकडे संगीताचा वार्षिक परवाना आहे का ते आधी विचारा, पुष्कळांकडे असतो. चित्रफितीसाठी मुद्रण ज्यांचं आहे त्यांना आत्ताच लिहा; कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात लिहून उत्तर येत नाही. उत्तर नाहीच आलं तर स्थिरचित्रं आणि ‘मँडरिन’चं क्लॅरिनेट एवढ्यावर भागवा. गावात क्लॅरिनेट वाजवणारा असेल तर त्यालाच बोलवा, तिन्ही तुकडे मिळून काही मिनिटांचंच काम आहे.

पदन्यास

क्लॅरिनेटवाल्याला वाक्यं मात्र संपूर्ण बॅलेच्या स्वरलिपीतून द्या. आणि त्याला आधी सांगा की तिसरं खुणावणं सर्वांत अवघड आहे, नाहीतर पहिल्यावरच सगळा दम खर्च करेल.